मॉनिटर काढला की रिमोट डेस्कटॉप बिघडतो: मिनी पीसीवरची काळी स्क्रीन आणि अडकलेलं रिझोल्यूशन

मिनी पीसी मॉनिटर लावून सेट केला, रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे, सगळं नीट दिसलं, म्हणून मॉनिटर काढून पीसी कपाटावर किंवा राउटरशेजारी ठेवून दिला. पुढच्या रीस्टार्टनंतर कनेक्ट करावं तर काळी स्क्रीन, नाहीतर ६४० × ४८० किंवा १०२४ × ७६८ मध्ये अडकलेला डेस्कटॉप. मॉनिटर परत जोडला की सगळं सुरळीत. काढल्यावरही थोडा वेळ चालतं आणि मग पुन्हा तेच. या फेऱ्यात सापडलेले लोक एकामागून एक रिमोट सॉफ्टवेअर बदलून बघतात, राउटरवर संशय घेतात, शेवटी विंडोज नव्याने टाकतात. बहुतेक वेळा बिघाड यातल्या कशातच नसतो. आपल्यासमोर पडदा आहे हे ग्राफिक्स चिपला कळत नसतं, एवढीच गोष्ट असते. ती ध्यानात आली की पुढचे उपाय भराभर सुचतात.

तुमचं सॉफ्टवेअर आधीचा पडदा दाखवतं की नवा तयार करतं?

निदानाची सुरुवात इथून करा, कारण उरलेली प्रत्येक पायरी या उत्तरावर ठरते.

व्हीएनसी, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, विंडोजवरचं क्रोम रिमोट डेस्कटॉप, ही सगळी रिमोट सॉफ्टवेअरं सहसा पीसीवर आधीच चाललेल्या डेस्कटॉपची प्रत तुमच्याकडे पाठवतात. पडदाच नसेल तर प्रत कशाची काढणार? तेव्हा ती काळी चौकट दाखवतात, किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरने (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) नाइलाजाने धरलेलं सगळ्यात लहान रिझोल्यूशन दाखवतात.

मायक्रोसॉफ्टचं आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) आणि लिनक्सवरचं एक्सआरडीपी यांची रीत वेगळी. तुम्ही कनेक्ट झालात की ती तुमच्यासाठी एक सेशन, म्हणजे लॉगिन केलेला डेस्कटॉप, उभं करतात किंवा तुमचं आधीचं सेशन उचलतात आणि त्याला आभासी पडदा देतात. त्या पडद्याचं माप तुमच्या लॅपटॉपवरून ठरतं. म्हणून मॉनिटर नसला तरी आरडीपी सहसा पूर्ण रिझोल्यूशनमध्ये उघडतं. पीसीवर विंडोज प्रो असेल आणि काम साधं असेल, म्हणजे फाइली, ब्राउझर, सर्व्हरची देखरेख, तर माझा सल्ला सरळ आहे: आरडीपी चालू करा, तुमचा प्रश्न बहुधा तिथेच मिटेल. विंडोज होममध्ये मात्र या पीसीवर बाहेरून आरडीपीने येण्याची सोय नाही. तिथे पहिल्या प्रकारचं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं आणि पडद्याचा प्रश्न सोडवल्याशिवाय गत्यंतर नसतं.

पडदा आहे हे पीसीला कळतं कसं

एचडीएमआय केबलमध्ये चित्र नेणाऱ्या तारांखेरीज चौकशीच्या काही तारा असतात. कनेक्टरच्या १८ नंबरच्या पिनवरून पीसी ५ व्होल्ट पाठवतो. मॉनिटर त्याला १९ नंबरच्या पिनवरून होकार देतो. या पिनला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. होकार मिळाला की पीसी १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून मॉनिटरची माहिती वाचतो: कंपनी कोणती, कोणकोणती रिझोल्यूशन्स चालतात, त्यातलं पसंतीचं कोणतं, आवाज वाजवता येतो का. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मूळ तुकडा १२८ बाइटचा असतो. हे प्रमाण व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये आणलं आणि आजचे मॉनिटरही त्याच धाटणीने ओळख देतात.

मॉनिटर नसेल तर १९ नंबरच्या पिनवर होकार येत नाही. ईडीआयडी वाचायला काही उरत नाही आणि ग्राफिक्स ड्रायव्हर ते पोर्ट बंद ठेवतो. सगळीच पोर्टं बंद असतील तर विंडोज एक कामचलाऊ पडदा गृहीत धरतं. सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशनची यादी एका-दोन पर्यायांवर येते किंवा बदलूच देत नाही, ती म्हणूनच.

हा दोष एकदा दिसतो, एकदा नाही, याचंही कारण इथेच आहे. मॉनिटर चालू पीसीवरून काढला तर काही ड्रायव्हर आधीचं रिझोल्यूशन धरून ठेवतात आणि रीस्टार्ट होईपर्यंत काही बिघडलेलं दिसत नाही. रात्री अपडेटने पीसी रीस्टार्ट झाला की सकाळी काळी स्क्रीन, आणि दोष जातो अपडेटच्या माथी. मॉनिटर जोडलेला पण बंद असेल तरी फरक पडतो. एचडीएमआय मॉनिटरची ईडीआयडी चिप पीसीकडून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालू शकते, म्हणून अनेक मॉनिटर बंद असतानाही ओळख देत राहतात. डिस्प्लेपोर्टवरचे पुष्कळसे मॉनिटर मात्र बटण दाबून बंद केले की पीसीच्या दृष्टीने उपटून काढल्यासारखेच असतात. एकाच मॉनिटरवर दोन पीसी चालवणाऱ्या केव्हीएम स्विचमध्येही हेच घडतं. स्विच दुसऱ्या पीसीकडे वळवला की पहिल्याचा पडदा जातो. ईडीआयडी धरून ठेवणारा स्विच असेल तरच तो प्रश्न येत नाही.

लक्षणं नीट बघा

कनेक्शनच होत नसेल तर तो डिस्प्लेचा प्रश्न नाही. पीसी झोपला आहे, बंद आहे किंवा नेटवर्कवर नाही. आधी दुसऱ्या मशीनवरून पिंग करून, म्हणजे पीसी नेटवर्कवर उत्तर देतो का ते तपासून, बघा. एसएसएचने, म्हणजे चित्राशिवाय नुसत्या कमांड लिहून, आत जाता येत असेल तर उत्तमच.

कनेक्ट होतं, स्क्रीन काळी आहे, पण माउसचा बाण हलताना दिसतो? म्हणजे सेशन जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप रंगवला जात नाही. आरडीपीवर हे जास्त दिसतं आणि त्याचे उपाय वेगळे आहेत, ते पुढे येतील.

डेस्कटॉप दिसतो पण रिझोल्यूशन लहान आहे आणि वाढत नाही, तर ईडीआयडीचाच प्रश्न समजा. खात्रीसाठी विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून मॉनिटर्स हा भाग बघा. तिथे जेनेरिक पीएनपी मॉनिटर किंवा एखाद्या मॉडेलचं नाव असेल तर ओळख पोचली आहे. जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर असं लिहिलं असेल, किंवा तो भागच गायब असेल, तर ओळख पोचलेली नाही. त्याच खिडकीत डिस्प्ले ॲडॉप्टर्सही उघडून बघा. इंटेल किंवा एएमडीच्या चिपऐवजी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर दिसत असेल तर आधी ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर टाका. तो नसताना पुढचे उपाय करून हाती काही लागणार नाही.

सुरुवातीला चालतं आणि काही मिनिटांनी काळं होतं, हे लक्षण पॉवर सेटिंगचं. आणि आरडीपी वापरून बाहेर पडल्यावरच एनीडेस्क किंवा व्हीएनसी बिघडत असेल, तर दोन रीतींची टक्कर होते आहे.

डमी प्लग: माझी पहिली पसंती

मॉनिटरऐवजी एचडीएमआय पोर्टात घालायचा हा छोटा प्लग. आत चित्र दाखवणारं काही नसतं. ईडीआयडी साठवलेली एक बारीक मेमरी चिप असते आणि १९ नंबरच्या पिनवर होकार पोचवणारी जोडणी असते. पीसीला वाटतं मॉनिटर लागला. ड्रायव्हर नको, सेटअप नको, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, अपडेटने बिघडत नाही. सॉफ्टवेअरचे उपाय चांगले आहेत, पण जो पीसी दूर कुठेतरी ठेवायचा आहे आणि जिथे उठून जाणं सोपं नाही, तिथे मी तरी डमी प्लगच लावायला सांगेन.

लावल्यावर तीन गोष्टी तपासा. बरेच डमी प्लग ३८४० × २१६० हे पसंतीचं रिझोल्यूशन म्हणून सांगतात आणि विंडोज ते निमूट स्वीकारतं. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १९२० × १०८० वर सुमारे २१ लाख. मिनी पीसीच्या अंगच्या ग्राफिक्सला चौपट पिक्सेल रंगवून, दाबून, नेटवर्कवर पाठवावे लागतात. मग रिमोट अडखळतो आणि लोकांना वाटतं वायफाय खराब आहे. रिझोल्यूशन १९२० × १०८० वर आणा, स्केलिंग १०० टक्के करा, फरक लगेच जाणवेल.

दुसरी गोष्ट आवाजाची. प्लग आपण आवाज वाजवू शकतो असंही सांगत असेल, तर विंडोज आवाज त्याच्याकडे वळवतं आणि पीसीला जोडलेला स्पीकर गप्प होतो. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट परत निवडा.

तिसरी गोष्ट पुढे कधीतरी त्रास देते. दुरुस्तीसाठी तुम्ही दुसऱ्या पोर्टात खरा मॉनिटर लावता, तेव्हा पीसीला दोन पडदे दिसतात आणि लॉगिनची चौकट किंवा उघडलेली खिडकी डमीच्या अदृश्य पडद्यावर जाऊन बसते. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून दोन्ही पडद्यांवर एकच चित्र घ्या, किंवा तेवढ्यापुरता प्लग काढून ठेवा.

प्लग नको असेल तर: आभासी डिस्प्ले ड्रायव्हर

विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने इनडायरेक्ट डिस्प्ले ड्रायव्हरची सोय दिली. तिच्या आधारे खोटा मॉनिटर निव्वळ सॉफ्टवेअरने उभा करता येतो. मुक्त स्रोतातले असे ड्रायव्हर मिळतात आणि रस्टडेस्क, पारसेक यांसारख्या काही रिमोट सॉफ्टवेअरमध्ये आभासी डिस्प्लेचा पर्याय आतच असतो. तो आधी शोधा, वेगळं काही टाकायची गरज पडणार नाही. हवं ते रिझोल्यूशन आणि हवे तितके पडदे मिळतात, हा मोठा फायदा.

मर्यादाही आहे. हा पडदा विंडोज आणि ड्रायव्हर चढल्यावरच अस्तित्वात येतो. विंडोज सुरू होतानाच अडकलं, सेफ मोडमध्ये गेलं, तर तुम्ही पुन्हा अंधारात. आणि एक कळकळीची सूचना: निर्मात्याची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर चालावा म्हणून विंडोजची सही-तपासणी बंद करायला सांगणारे मार्गदर्शक आढळतील. ते करू नका. सतत नेटवर्कवर असणाऱ्या आणि कुणाची नजर नसलेल्या पीसीवर ती तपासणी असायलाच हवी. सही असलेला ड्रायव्हर मिळत नसेल तर डमी प्लग घ्या.

आरडीपीवर काळी स्क्रीन

इथे मॉनिटरचा संबंध कमी. आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एंड दाबा. आरडीपीत हे कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं काम करतं. निळा मेन्यू आला तर टास्क मॅनेजर उघडा, नवीन टास्क चालवा आणि एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्राम, सुरू करा. डेस्कटॉप आला तर सेशन ठीक होतं, फक्त एक्सप्लोरर पडला होता.

हे वारंवार होत असेल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. मग ज्या लॅपटॉपवरून कनेक्ट होता त्यावर यूडीपी ही डेटा पाठवण्याची पद्धत बंद करून बघा: ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या धोरण-सेटिंग्जमध्ये) रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंटच्या खाली टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट हा पर्याय आहे. व्हीपीएनमधून येणाऱ्यांनी हा उपाय आधीच करावा. जोडणी होते, आवाज येतो, पण चित्र गोठतं, अशा तक्रारी यूडीपी बंद केल्यावर बऱ्याचदा थांबतात. त्यानेही भागलं नाही तर मिनी पीसीच्या ग्रुप पॉलिसीत रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटखाली आरडीपीसाठी डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स ड्रायव्हर वापरण्याचा पर्याय डिसेबल करून रीस्टार्ट करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आता दोन रीतींची टक्कर. आरडीपीने आत शिरलात की तुमचं सेशन आभासी पडद्यावर जातं आणि पीसीचा स्वतःचा पडदा, ज्याला कन्सोल म्हणतात, लॉक होतो. आरडीपी नुसतं बंद केलं तर सेशन अधांतरी राहतं, आणि एनीडेस्क किंवा व्हीएनसी कन्सोलकडे बघत असल्यामुळे त्यांना लॉक स्क्रीन किंवा काळोख दिसतो. टीएसकॉन नावाची कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून सेशन कन्सोलवर परत पाठवता येतं. ते करताना एक जाणीव ठेवा: कन्सोल त्यानंतर उघडा राहतो, म्हणजे पीसीजवळ जाऊन मॉनिटर लावणाऱ्या कुणालाही तुमचा डेस्कटॉप दिसेल. मला विचाराल तर दोन्हींपैकी एकच रीत नेमाने वापरावी आणि दुसरी केवळ अडीअडचणीसाठी ठेवावी.

लिनक्सवाल्यांसाठी

सेटिंग्जमधल्या अबाउट पानावर विंडोइंग सिस्टीम काय लिहिली आहे ते पाहा. एक्स११ आणि वेलँड या पडदा रंगवणाऱ्या दोन यंत्रणांत रिमोटच्या दृष्टीने बराच फरक आहे. वेलँडवर कुठल्याही प्रोग्रामला परवानगीशिवाय पूर्ण पडदा वाचता येत नाही, आणि ती परवानगी द्यायला पीसीसमोर कुणी बसलेलं नसतं. जुनी रिमोट सॉफ्टवेअरं तिथे काळी स्क्रीन दाखवतात ती यामुळे. लॉगिनच्या वेळी एक्सऑर्गचं, म्हणजे एक्स११चं, सेशन निवडणं हा प्रचलित उपाय, पण तो मार्ग अरुंद होत चालला आहे: उबुंटू या लिनक्सच्या २५.१० आवृत्तीत ग्नोम या डेस्कटॉपचं एक्सऑर्ग सेशन काढून टाकलं आहे.

त्यापेक्षा ग्नोमची स्वतःची सोय वापरा. ग्नोम ४६ पासून, म्हणजे उबुंटू २४.०४ पासून, सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली रिमोट डेस्कटॉपमध्ये दोन टॅब आहेत. डेस्कटॉप शेअरिंग हा चालू पडदा दाखवतो. रिमोट लॉगिन हा नवं सेशन उभं करतो, त्याला मॉनिटर लागत नाही. मॉनिटर नसलेल्या पीसीसाठी दुसराच टॅब चालू करा. पहिल्या टॅबवर विसंबलेल्यांना आणखी एक गोष्ट छळते. ऑटो लॉगिन लावलं असेल तर रीस्टार्टनंतर पासवर्डांची किल्लीपेटी, म्हणजे कीरिंग, उघडत नाही, शेअरिंगचा पासवर्ड तिच्यात अडकून राहतो आणि कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज नाकारला जातो.

एक्सआरडीपीवर काळी स्क्रीन येत असेल तर तोच यूजर पीसीवर आधीच लॉगिन झालेला नाही ना, ते बघा. एकाच यूजरची दोन ग्राफिकल सेशन्स एकत्र नांदत नाहीत. म्हणजे व्हीएनसीसाठी जे ऑटो लॉगिन हवं असतं, तेच एक्सआरडीपीच्या मुळावर येतं. एक्सआरडीपी वापरायचं तर ऑटो लॉगिन बंद ठेवा.

चालू पडदाच दाखवायचा असेल आणि डमी प्लगही लावायचा नसेल, तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पोर्ट जबरदस्तीने चालू ठेवायला सांगता येतं. आधी पोर्टचं नेमकं नाव मिळवा. सिस फोल्डरमधल्या क्लास फोल्डरात डीआरएम नावाचा फोल्डर आहे. त्यात कार्ड आणि पोर्ट यांच्या जोडनावाचे फोल्डर दिसतील. प्रत्येकातली स्टेटस फाइल उघडली की कनेक्टेड किंवा डिसकनेक्टेड एवढा एकच शब्द असतो. कार्डचा भाग आणि त्यापुढची जोडरेघ सोडून उरतं ते पोर्टचं नाव. ग्रबमधल्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधल्या) कर्नलच्या ओळीत व्हिडिओ पॅरामीटर लिहून त्यापुढे बरोबरचं चिन्ह, हे नाव, विसर्गासारखी दोन टिंबं, रिझोल्यूशन, ॲटचं चिन्ह, ६० आणि लगेच लहान लिपीतलं ई हे अक्षर लिहा, मध्ये कुठेही जागा न सोडता. ते शेवटचं अक्षर म्हणजेच पोर्ट चालू ठेवण्याचा हुकूम. नावात एका रेघेचा फरक पडला तरी कर्नल काही न बोलता ओळ सोडून देतो, म्हणून रीस्टार्टनंतर स्टेटस फाइल पुन्हा वाचा.

झोप आणि बायोस

विंडोजमध्ये स्क्रीन बंद होण्याची आणि पीसी झोपण्याची वेळ, दोन्ही नेव्हर करा. लिनक्सवर यूजरची सेटिंग बदलून पुरत नाही, कारण लॉगिन स्क्रीनचीही झोपेची वेगळी सेटिंग असते. ऑटो लॉगिन नसलेला पीसी लॉगिनच्या पानावर थांबतो आणि तिथूनच झोपी जाऊ शकतो. लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये स्लीप आणि सस्पेंड ही टार्गेट्स मास्क केली, म्हणजे पूर्ण बंद केली, की हा प्रश्न कायमचा जातो.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्या आधी चालणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, दोन पर्याय शोधा. वीज गेल्यानंतर परत आली की पीसी आपोआप चालू व्हावा, हा एक. दुसरा काही बोर्डांवर असतो: कीबोर्ड नसल्याची चूक आढळली तरी थांबू नये.

बायोसपर्यंतचा पडदा दूरवरून दिसायलाच हवा असेल, तर आयपी केव्हीएम हे वेगळं उपकरण घ्यावं लागतं. ते पीसीच्या एचडीएमआयमधून चित्र उचलतं, यूएसबीतून कीबोर्ड-माउस बनतं आणि स्वतःच ईडीआयडीही देतं, म्हणजे डमी प्लगचं काम त्यातच होतं. पायकेव्हीएम हा त्यातला मुक्त स्रोतातला परिचित प्रकल्प.

सगळं लावून झाल्यावर चाचणी मॉनिटर जवळ असतानाच घ्या. एसएसएच सर्व्हर चालू करून ठेवा, तो विंडोजमध्येही १८०९ या आवृत्तीपासून ऐच्छिक घटक म्हणून मिळतो. पीसी पूर्ण बंद करा, मॉनिटरची केबल काढा, वीज काढून पुन्हा द्या. कनेक्ट करून रिझोल्यूशन बघा, बाहेर पडा, अर्ध्या तासाने पुन्हा कनेक्ट करा. मग रिमोटमधूनच रीस्टार्ट द्या आणि परत या. यात एकदा जरी काळी स्क्रीन आली तर पीसी जागेवर नेऊन ठेवू नका. एसएसएचने आत जाऊन ग्राफिक्स ड्रायव्हर चढला आहे का आणि पोर्ट कनेक्टेड म्हणतंय का, ते आधी बघा.